‘बेल्ट दिला होता’ एवढ्यानं भागत नाही

मोबाइलचा टॉवर किती वेळ बंद राहिला, याचा हिशोब आपल्याकडे अगदी काटेकोर ठेवला जातो. बीटीएस, म्हणजे टॉवरवरून मोबाइलला सिग्नल देणारं यंत्र, महिन्यात २ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ बंद राहता कामा नये, अशी मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २००९ च्या नियमांतच घातली होती. ३० दिवसांच्या महिन्यात हे होतात १४ तास २४ मिनिटं. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले नवे नियम त्याच्याही पुढे गेले. एखाद्या जिल्ह्यातली सेवा ४ तासांहून जास्त वेळ बंद पडली तर कंपनीनं ट्रायला २४ तासांच्या आत कळवायचं, आणि बंद २४ तासांच्या वर लांबला तर ग्राहकाला भरपाई द्यायची.

त्याच टॉवरवर दुरुस्तीला चढलेला माणूस खाली पडला, तर तो कुठल्या रकान्यात जातो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात उंचीवरून पडलेल्यांचा एक ढोबळ रकाना आहे. आंब्याच्या झाडावरून पडलेला, गच्चीवरून पडलेला आणि टॉवरवरून पडलेला, सगळे त्यात एकत्र. कारखान्यांतल्या अपघातांचे आकडे केंद्राची डीजीफासली ही संस्था गोळा करते, पण टॉवर म्हणजे कारखाना नव्हे. देशात आठ लाखांच्या आसपास टॉवर उभे आहेत आणि त्यांवर रोज कुठे ना कुठे कुणीतरी चढलेलं असतं. त्यांच्यापैकी वर्षाला किती जण पडतात, हे सांगणारी एकही सरकारी ओळ नाही.

जे मोजलं जातं त्यावरच पैसा खर्च होतो आणि त्याचीच घाई केली जाते. म्हणून रिगरच्या, म्हणजे टॉवरवर चढून काम करणाऱ्याच्या, जिवाचा प्रश्न त्याच्या बेल्टच्या शिस्तीपाशी सोडवता येणार नाही. तो कंत्राट लिहिलं जातं त्या टेबलावर सोडवावा लागेल.

अपघातानंतर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बेल्ट दिला होता, त्यानंच लावला नाही.’ बहुतेक वेळा ते खोटंही नसतं. बेल्ट खरंच दिलेला असतो, अंगावर चढवलेलाही असतो. हुक मात्र कशातच अडकवलेला नसतो. असं का होतं ते समजून घ्यायचं तर एका चढाईचा हिशोब मांडून पाहावा.

४० मीटरचा जमिनीवरचा टॉवर धरू. रिगरच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे-छाती-मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा बेल्ट, त्याला जोडलेला दोन फाट्यांचा लॅनयार्ड, म्हणजे आखूड सुरक्षा-दोरी, प्रत्येक फाट्याच्या टोकाला मोठा हुक. नियम असा की दोन्हीपैकी एक हुक कायम पोलादात अडकलेला हवा. वरचा हुक लावायचा, मग खालचा सोडायचा, वर सरकायचं, पुन्हा तेच. एका वेळी साधारण दीड मीटर अंतर कापलं जातं. म्हणजे ४० मीटरला सुमारे २७ टप्पे, प्रत्येक टप्प्याला दोन हुक, झाले ५४ वेळा हुक लावणं-सोडणं. उतरताना तेवढंच. एका फेरीत शंभराच्या वर. एका वेळेला ५ सेकंद धरले तरी ९ मिनिटं निव्वळ हुकांत जातात, आणि तेवढा वेळ एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं हुकाचा खटका दाबत राहायचं. अंगावर हत्यारांसकट दहा-बारा किलोचा भार असतो. दिवसाला तीन साइट असतील तर तीनशेहून जास्त वेळा.

असं काम महिनोन्‌महिने न चुकता करणं जवळपास अशक्य आहे, आणि ‘शिस्त पाळा’ म्हणणाऱ्यांनी एकदा ते करून बघावं. तिसऱ्या साइटवर बोटं भरून येतात. शिडीवर आपला तोल चांगला आहे असं वाटू लागतं आणि हुक थेट वर पोचल्यावरच लावला जातो. पडणारा माणूस बहुधा इथे पडतो: चढण्या-उतरण्यात, किंवा शिडी सोडून अँटेनाकडे सरकताना, जिथे दोन-तीन पावलं बिनहुकाची असतात. वर पोचून नीट बांधून घेतल्यावर काम करताना पडण्याची शक्यता त्यामानानं कमी.

याला उपाय आहे आणि तो जुनाच आहे. शिडीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत ८ मिलिमीटरची पोलादी वायर-दोरी कायमची ताणून बसवायची, आणि तिच्यावर सरकणारा अडकाव रिगरच्या छातीवरच्या कडीला जोडायचा. वर चढताना तो सोबत सरकतो, झटका बसला की जागच्या जागी चावतो. शंभर वेळा हुक बदलण्याऐवजी खाली एकदा जोडायचं आणि वर गेल्यावर, दुसरी पकड घेतल्यानंतर, एकदा सोडायचं. भारतीय मानक आयएस ३५२१ मध्ये अशा उभ्या दोरीसाठी आणि सरकत्या अडकावासाठी स्वतंत्र भाग आहे. तरीही कित्येक टॉवरवर ही दोरी नाही. कुठे असली तरी वरचा बांध गंजलेला, कुठे दोरीचे तंतू तुटून काटे उभे राहिलेले, कुठे खालचा ताण देणारा स्क्रूच चोरीला गेलेला. बेल्ट हा दरवर्षी वाटायचा माल आहे, त्याचा फोटो काढून अहवालाला जोडता येतो. दोरी टॉवरच्या मालकानं स्वतःच्या मालमत्तेवर बसवायची असते आणि वर्षाला तपासायची असते. कंत्राटदाराकडून ती करून घेता येत नाही, म्हणून ती होत नाही.

छपरावरच्या टॉवरची गोष्ट आणखी वेगळी. मुंबई-पुण्यात इमारतींच्या गच्चीवर ६ ते ९ मीटरचे खांब उभे असतात आणि उंची कमी म्हणून ते काम ‘किरकोळ’ समजलं जातं. आता लॅनयार्डचं गणित करा. लॅनयार्डची लांबी २ मीटर. पडल्यावर झटका शोषणारी शिवलेली पिशवी टाका उसवत उलगडते, ती पावणेदोन मीटरपर्यंत. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. आणि सुरक्षित अंतर म्हणून एक मीटर. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे हुक ज्या जागी अडकवला, तिच्याखाली सव्वासहा मीटर मोकळं असेल तरच ही व्यवस्था पुरेपूर काम करते. ६ मीटरच्या खांबावर, पायाच्या पातळीला हुक लावून उभा असलेला माणूस नियमानं ‘बांधलेला’ असतो आणि तरीही पिशवी पुरती उलगडायच्या आत स्लॅबवर आदळतो. अशा ठिकाणी हुक डोक्याच्या वर हवा, लॅनयार्ड आखूड हवा किंवा मुळात पडूच न देणारी कंबरेची दोरी हवी. खांब कठड्याला लागून असेल, आणि तो बहुतेकदा तसाच असतो, तर पडणारा गच्चीवर न पडता कठड्याबाहेर जातो. मग मोकळी उंची मिळते, पण झोका खाऊन तो इमारतीच्या भिंतीवर आपटतो आणि दोरी कठड्याच्या धारेवर घासते. एकच बेल्ट, दोन टॉवर, दोन वेगळी उत्तरं. हे रिगरला शिकवायला अर्धा दिवस पुरतो, पण तो अर्धा दिवस कुणाच्या बिलात नसतो.

हुक कशाला लावायचा हाही असाच प्रश्न. टॉवरच्या पायाचा मुख्य अँगल किंवा जाड आडवा अँगल, जिथे दोन्ही टोकांना बोल्ट आहेत आणि ते डोळ्यांनी बघितलेत, तिथे. केबल ट्रेला नाही, अँटेनाच्या क्लॅम्पला नाही, सुट्या पायरी-बोल्टलाही नाही, कारण हुक त्याच्या टोकावरून निसटतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेनं जस्ताचा थर आधी बोल्टच्या आट्यांवरून जातो. वरून बोल्ट शाबूत दिसतो, आत खाल्लेला असतो. शिवाय चोरी. बॅटऱ्या आणि अर्थिंगची तांब्याची पट्टी तर जातेच, पण खालच्या टप्प्यातले तिरपे अँगलसुद्धा भंगारात गेल्याचे प्रकार होतात. चढण्याआधी टॉवरभोवती एक फेरी मारून चारही पाय, प्रत्येक सांध्यातले बोल्ट आणि पायाचं काँक्रीट बघायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं कामाची धरली पाहिजेत.

समजा सगळं नीट झालं, माणूस पडला आणि बेल्टनं त्याला धरलं. इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर इथून घड्याळ सुरू होतं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्टे दाबतात, पायांत रक्त साचतं, मेंदूकडे कमी जातं. काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते आणि त्याला लवकर खाली घेतलं नाही तर बेल्टमध्येच त्याचा जीव जाऊ शकतो. १०८ ची गाडी येईल, पण ती टॉवरच्या पायथ्याशी थांबेल. तालुक्याच्या अग्निशमन गाडीची शिडी ४० मीटरला पोचत नाही. त्याला उतरवणारा माणूस आधीपासून साइटवर हवा: चढता येणारा, सुटकेचं प्रशिक्षण घेतलेला, ज्याच्या पिशवीत टॉवरच्या उंचीला पुरून उरणारी ११ मिलिमीटरची दोरी, उतरवण्याचं ब्रेक-यंत्र आणि कप्पी आहे. लटकलेला शुद्धीवर असेल तर हार्नेसच्या बाजूला गुंडाळलेली पायाची फास-पट्टी सोडून तिच्यावर उभं राहता येतं. तेवढ्यानं रक्त फिरतं राहतं आणि वेळ मिळतो. म्हणजे टॉवरवर कधीही एकट्यानं जायचं नाही हा नियम सोबतीसाठी केलेला नाही. एकट्या रिगरचा बेल्ट त्याला फक्त वर लटकत ठेवू शकतो.

आणि आपल्याकडे चढाईला जोडी जाते का? पुष्कळदा एक रिगर आणि एक मोटरसायकल. खाली ‘हेल्पर’ म्हणून जो उभा असतो तो त्या साइटचा रखवालदार किंवा शेजारच्या शेतातला पोरगा. त्याला दोरीला गाठ मारता येते, माणूस उतरवता येत नाही.

हे असं का, ते कंत्राटाच्या उतरंडीत दिसतं. वर मोबाइल कंपनी, ती टॉवरवर भाडेकरू. तिच्याखाली टॉवरची मालक कंपनी. तिच्याखाली देखभालीचं विभागवार कंत्राट घेणारा. त्याच्याखाली तालुक्याचा व्हेंडर. सगळ्यात खाली साइटमागे पैसे मिळणारा रिगर. वरच्या करारात साइट ९९.९५ टक्के वेळ चालू हवी, असे आकडे असतात. महिन्याला त्याचा अर्थ जेमतेम २१-२२ मिनिटांची सूट. त्यापुढे दंड. हा दंड एकेक पायरी खाली सरकत येतो. पैसा मात्र प्रत्येक पायरीवर थोडा थोडा अडत येतो. शेवटी तालुक्याच्या व्हेंडरच्या हातात जो दर उरतो त्यात दोन माणसं बसत नाहीत, प्रशिक्षणाचा दिवस बसत नाही आणि वारा आहे म्हणून न चढता परत आलेली फेरी तर अजिबात बसत नाही.

रात्री साडेआठला फोन येतो, ‘साइट अजून डाउन का? दहा मिनिटांचं तर काम आहे, चढून ये.’ फोन करणारा दुष्ट नसतो. त्याच्याही स्क्रीनवर लाल ठिपका असतो आणि त्याच्या वरचा त्याला विचारत असतो. रिगरला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कागदावर असतो. ‘नाही’ म्हटल्याचे पैसे कुठेच नसतात. म्हणून माझ्या मते पहिली सुधारणा अगदी साधी आहे: खराब हवामानामुळे किंवा टॉवर असुरक्षित आढळल्यामुळे चढाई रद्द झाली, तर त्या फेरीचे पूर्ण पैसे रिगरला मिळाले पाहिजेत, आणि तेवढा काळ बंदच्या दंडातून वगळला पाहिजे. कितीही सुरक्षा सप्ताह आणि शपथा झाल्या तरी त्यांनी हे होणार नाही. करारात दोन कलमं घातली की होईल.

हवामानाचा मुद्दा महाराष्ट्रात तर आणखी टोकदार आहे. वळवाच्या पावसात मराठवाडा-विदर्भात विजा पडतात, त्याच विजांनी उपकरणं जळतात, आणि साइट बंद पडते नेमकी तेव्हा, जेव्हा आभाळ अजून कडाडत असतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या वेळी टॉवरवर कुणी असता कामा नये, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास चढता कामा नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजा दाखवतं, ते फुकट आहे. वाऱ्याचं तसंच. जमिनीवर झुळूक वाटते तेव्हा मोकळ्या माळावर ४० मीटरवर वारा दीडपट असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वाऱ्यात १.२ मीटर व्यासाची मायक्रोवेव्ह डिश दोरीनं वर ओढताना वारा तिला १०-१४ किलो वजनाइतक्या जोरानं आडवं ढकलतो. हातात धरायचा वारामापक मोठ्या खर्चाची वस्तू नाही. ताशी ३५-४० किलोमीटरच्या पुढे चढायचं नाही आणि त्याच्याही आधी वजन उचलणं थांबवायचं, एवढं ठरलं आणि आकडा वहीत लिहिला की वाद उरत नाही.

वजनाचा विषय ५जीमुळे वाढला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाल्यावर अडीच वर्षांत देशभर चार लाखांहून जास्त ५जी बीटीएस बसले. प्रत्येक साइटवर सहसा तीन दिशांना तीन युनिट, एकेकाचं वजन २५ ते ४० किलो. वर एक साधी कप्पी बांधून खालून माणसं ओढतात. इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते: ४० किलो उचलायचे म्हणून ४० किलो पेलेल अशा जागी कप्पी बांधली जाते. एका स्थिर कप्पीवर वजनही लोंबकळतं आणि खालून ओढणाऱ्यांचा जोरही, म्हणजे बांधाच्या जागेवर ८० किलोहून जास्त भार येतो, झटका बसला तर त्याच्या कितीतरी पट. तो अँटेनाच्या खांबाच्या क्लॅम्पवर टाकला की क्लॅम्प फिरतो. खाली उभ्या माणसाचं काय? पाव किलोचा पाना ४० मीटरवरून निसटला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो आणि त्याच्या अंगात ९८ ज्यूल ऊर्जा असते. युरोपच्या ईएन ३९७ या मानकात हेल्मेटची चाचणी ४९ ज्यूलची, ५ किलोचं वजन एका मीटरवरून टाकून करतात. हेल्मेट घालून टॉवरच्या पायथ्याशी उभं राहणं हा म्हणून बचाव नव्हे. प्रत्येक हत्यार दोरीनं बांधलेलं हवं आणि काम चालू असताना पायथ्याभोवती दोरी लावून जागा बंद हवी.

एक खास आपल्याकडचा धोका परदेशी हस्तपुस्तिकांत सापडत नाही: आग्या मोहोळ. उंच, शांत, वाऱ्याला आडोसा देणारा पोलादी सांगाडा आग्यांना आवडतो. ३० मीटरवर लॅनयार्डनं बांधलेल्या माणसावर माश्या तुटून पडल्या तर त्याला पळता येत नाही, आणि घाबरून त्यानं हुक सोडले तर पुढचं सांगायला नको. चढण्याआधी दुर्बिणीनं टॉवर बघणं आणि पोळं दिसलं तर जाणकार माणूस ते हलवेपर्यंत काम पुढे ढकलणं, एवढंच करायचं असतं. खालून धूर करून ‘पटकन’ चढणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

कायदा नाही असं नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातली व्याख्या वाचली तर त्यात बांधकामाबरोबर दुरुस्ती आणि देखभालही होती, वायरलेस, टेलिफोन आणि टॉवर हे शब्दही होते. मृत्यू किंवा ४८ तास वा त्याहून जास्त काम बंद करणारी इजा झाली तर कळवण्याची सक्तीही होती. पण कायदा लागू व्हायला आस्थापनेत दहा कामगार हवे होते. उतरंडीतल्या तालुक्याच्या व्हेंडरकडे असतात पाच-सहा. काम जितकं खाली वाटलं जातं, तितका प्रत्येक तुकडा कायद्याच्या उंबरठ्याखाली जातो. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं, ते चांगलंच आहे, कारण अपघातानंतर ‘हा आमचा माणूसच नव्हता’ हे उत्तर त्यानं अवघड होईल. पण कंत्राटी कामगारांच्या तरतुदींचा उंबरठा त्याच संहितेनं २० वरून ५० वर नेला. टॉवरच्या कामाला हे उलट्या दिशेचं पाऊल आहे. उंचीवरच्या कामाला माणसांच्या संख्येची अट असूच नये. ४० मीटरवर चढलेला एकटा माणूसही पुरेसा आहे. आणि टॉवर ज्याच्या मालकीचा, तो मधल्या पायऱ्या कितीही असल्या तरी वर चढणाऱ्या प्रत्येकाला जबाबदार असला पाहिजे.

अमेरिकेनं हा धडा उशिरा घेतला. २०१३ मध्ये तिथे दळणवळण टॉवरवर १३ कामगार गेले, आधीच्या दोन वर्षांच्या एकत्रित आकड्याहून जास्त. तिथल्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं फेब्रुवारी २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या मालकांना थेट पत्र पाठवून खडसावलं. त्याआधी पत्रकारांनी शोधून काढलं होतं की २००३ ते २०११ या काळात मोबाइल साइटवर ५० जण मेले आणि कंत्राटाच्या थरांमुळे मोठ्या कंपन्यांचं नाव जवळपास कुठेच येत नव्हतं. हे सगळं बोलता आलं, कारण आकडे होते. दूरसंचार विभागानं किंवा ट्रायनं परवानाधारक आणि टॉवर कंपन्यांकडून दर तिमाहीला बंदच्या मिनिटांसोबत एवढंच मागवावं: किती चढाया झाल्या, किती जण पडले, किती जखमी, किती मेले, आणि ते कुठल्या पायरीच्या कंत्राटदाराचे होते. आणि ते संकेतस्थळावर टाकावं.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नेटवर्क बंद म्हणजे १०८ ला फोन लागत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही, पूर आला तर इशारा पोचत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं अनेक दिवस संपर्काबाहेर होती. टॉवर लवकर उभा राहणं हाही जिवाचाच प्रश्न आहे. मान्य. पण त्यासाठी वादळ ओसरायच्या आत माणूस चढवणं हा एकमेव मार्ग नाही. आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकांना दुसरीच्या टॉवरवर घेण्याची सोय दूरसंचार विभाग आपल्याकडे वापरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘दाना’ चक्रीवादळात ती सुरू केली होती. तीच सोय चढाई थांबलेल्या साइटसाठी सरसकट ठेवता येईल. विजा थांबेपर्यंत गावाला शेजारच्या कंपनीचा सिग्नल, आणि रिगर जमिनीवर.

चढाया मुळातच कमी करण्याला तर खर्चाचं कारणही देता येत नाही, कारण त्यात पैसा वाचतो. अँटेनाचा कल बदलायला पूर्वी माणूस चढायचा. आता मोटर बसवली की तो कार्यालयातून बदलतो. वरचा लाल दिवा जुन्या बल्बचा असेल तर बल्ब गेला की ४० मीटर चढाई. एलईडीचा दुहेरी दिवा लावला की ती वर्षानुवर्षं टळते. कुठला बोल्ट गंजला, कुठला क्लॅम्प सैल, हे ड्रोनच्या फोटोत दिसतं, त्यासाठी माणूस पाठवायची गरज नाही. प्रत्येक चढाईच्या कागदावर ‘हे काम खालून का होत नाही?’ असा एक रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय परवाना निघू नये.

किरणोत्सर्गाबद्दल दोन शब्द, कारण टॉवर म्हटलं की आपल्याकडे चर्चा तिथेच जाते. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतानं लोकांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. सोसायट्या, ग्रामपंचायती, न्यायालयं सगळ्यांनी हा प्रश्न लावून धरला. चालू अँटेनाच्या पुढ्यात हातभर अंतरावर छाती ठेवून पाना फिरवतो तो मात्र रिगर. त्या सेक्टरचं, म्हणजे त्या दिशेच्या अँटेनाचं, प्रक्षेपण बंद करून घ्यायचं, नियंत्रण कक्षाकडून तसं लेखी उत्तर आल्यावरच पुढे सरकायचं, हा साधा नियमही ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून वगळला जातो. कुणाच्याही गच्चीवरून त्याच्यासाठी मोर्चा निघालेला नाही.

आणि इथे सोसायट्यांच्या हातात बरंच काही आहे. गच्चीवरच्या टॉवरचं भाडं दर महिन्याला येतं, करार काही वर्षांनी नव्यानं होतो. त्यात घालता येण्यासारखं: खांबाला आणि कठड्याजवळ हुक लावायला पक्के बांध, त्यांची वर्षाला तपासणी, काम करायला कमीत कमी दोन माणसं, हवामान खराब असताना गच्ची बंद. गच्चीची किल्ली तर वॉचमनकडेच असते. किल्ली देण्याआधी त्यानं वहीत पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: दोघांची नावं, चढाईच्या परवान्याचा आजचा क्रमांक, उंचीवर काम करण्याच्या प्रशिक्षणाच्या ओळखपत्राची मुदत, सुटकेची दोरी पिशवीत आहे की नाही ते प्रत्यक्ष बघून, आणि सेक्टर बंद केल्याचा निरोप कुणाकडून किती वाजता आला. यातलं एखादं उत्तर जरी मिळालं नाही तर किल्ली खिळ्यावरच राहू द्यावी, मग फोनवर पलीकडे कुणी का असेना.